डीजे आणि डान्स फ्लोअरवरची पुस्तकं: कुठली, कुठल्या क्रमाने आणि कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दोन वर्षं लग्नाच्या संगीत-कार्यक्रमांत आणि छोट्या क्लबांत कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडलेल्या डीजे-यंत्रावर) वाजवणाऱ्या एका तरुणाला डीजे संस्कृतीचा इतिहास वाचायचा आहे. इंग्रजी जमतं, वेळ कमी आहे. आधी काय घ्यावं, काय सोडलं तरी चालेल, आणि वाचून प्रत्यक्ष वाजवण्यात काही फरक पडतो का?

फरक पडतो, पण ही पुस्तकं कानाने वाचली तरच. नुसतं पान उलटत गेलात तर पन्नास पानांत शंभर गाण्यांची आणि तीस क्लबांची नावं येतात आणि त्यातलं एकही डोक्यात राहत नाही. गाण्याचं नाव आलं की थांबा, ते पूर्ण ऐका, मगच पुढचा परिच्छेद. वाचायला अर्धा तास आणि ऐकायला अर्धा तास अशी वाटणी ठेवा. आणि सुरुवात प्रसिद्ध डीजेंच्या चरित्रांपासून करू नका, खोलीपासून करा. कुठली जागा, कोण माणसं, कसले स्पीकर, परवाना होता की नव्हता, हे कळलं की डीजेने तेच गाणं तेव्हाच का लावलं ते आपोआप कळतं.

म्हणून माझ्या यादीत पहिलं पुस्तक टिम लॉरेन्स यांचं 'लव्ह सेव्ह्ज द डे'. २००३ साली ड्यूक विद्यापीठाने काढलेलं, १९७० ते १९७९ या दहा वर्षांतल्या अमेरिकन नृत्यसंगीताचा इतिहास सांगणारं जाडजूड पुस्तक. बहुतेक जण नवख्याला दुसरंच पुस्तक सुचवतात, त्याचा विषय पुढे येईलच. लॉरेन्स यांना मी आधी ठेवतो, कारण ते न्यूयॉर्कच्या ६४७ ब्रॉडवे या पत्त्यावरच्या एका राहत्या घरापासून सुरुवात करतात. डेव्हिड मॅन्क्युसो या माणसाने १४ फेब्रुवारी १९७० रोजी तिथे पार्टी ठेवली. पुस्तकाचं नाव त्या पार्टीच्या निमंत्रणावरून घेतलंय. पुढे त्या जागेला लोक 'द लॉफ्ट' म्हणू लागले.

तिथे प्रवेश निमंत्रणावर होता आणि दारू विकली जात नव्हती. हा तपशील नीट पाहा. न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून कॅबरे कायदा होता. खाणं-पिणं विकणाऱ्या जागेत लोकांनी नाचायचं असेल तर वेगळा परवाना लागायचा, आणि हा कायदा थेट २०१७ मध्ये रद्द झाला. मॅन्क्युसो काही विकतच नव्हते, त्यामुळे आपल्याला परवान्याची गरज नाही असं त्यांनी अधिकाऱ्यांसमोर मांडलं आणि १९७५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. बार नाही म्हणजे बारवाल्याच्या धंद्यासाठी लोकांना मधूनमधून फ्लोअरवरून उठवायची गरज नाही, आणि बंद करण्याची ठरलेली वेळही नाही. रात्रभर एकाच दिशेने चढत जाणारा लांब सेट या व्यवस्थेतून आला. आज तुम्ही हॉटेलात रात्री दीडला संपणारा सेट वाजवता, तेव्हा त्या सेटचा आकारही परवान्यानेच ठरवलेला असतो.

ध्वनियंत्रणेवरची पानं घाईत उडवू नका. लॉफ्टमध्ये क्लिप्शहॉर्न स्पीकर होते आणि अॅलेक्स रोसनर या तंत्रज्ञाने मॅन्क्युसोंच्या सांगण्यावरून छताजवळ जादा ट्वीटरचे गुच्छ टांगले. उंच सूर वरून सगळीकडे पसरायचे आणि खालचा भार कोपऱ्यांतून यायचा. पुढे मॅन्क्युसोंनी मिक्सरच काढून टाकला. रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत, मूळ वेगात, मध्ये शांतता राहिली तरी चालेल. डीजे संस्कृतीच्या मुळाशी असलेला हा माणूसच बीटमॅच करत नव्हता, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवत नव्हता, हे नव्या मुलांना पचत नाही. पण गाण्यांचा क्रम लावणं हीच मूळ कला आहे, मिक्सिंग तिचं साधन, हे इथेच स्पष्ट होतं.

त्याच पुस्तकात फ्रान्सिस ग्रासो भेटतात. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातल्या एका जुन्या जर्मन चर्चमध्ये 'सँक्चुअरी' नावाचा क्लब होता, तिथले डीजे. रेकॉर्डखाली तबकडी फिरत ठेवायची, रेकॉर्ड बोटाने धरून ठेवायची आणि नेमक्या ठोक्यावर सोडायची, हे स्लिप-क्यूइंग त्यांनी फ्लोअरवर रूढ केलं. तेही टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलच्या आधी. ते टर्नटेबल १९७२ ला आलं, आणि आपण सगळे ओळखतो तो सरकत्या पिच-फेडरचा (वेग कमी-जास्त करणाऱ्या दांडीचा) एमके-२ नमुना १९७९ चा.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय या काळाची थोरवी कळत नाही. त्या फेडरचा पल्ला अधिक-उणे ८ टक्के. म्हणजे १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोक्यांचं) गाणं ११०.४ ते १२९.६ एवढंच हलतं. शिवाय वेग वाढवला की सूरही चढतो. साधारण ६ टक्क्यांना पूर्ण एक अर्धस्वर वर जातो, गायिकेचा आवाज पातळ होतो. तुमच्या कंट्रोलरवरची की-लॉकची कळ (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी) ही अडचण मिटवते, म्हणून तुम्हाला ती कधी जाणवली नसेल.

खरी अडचण दुसरीच होती. १९७३-७४ मधली गाणी क्लिकशिवाय (कानात ठेका देणाऱ्या यंत्राशिवाय), हाडामांसाच्या ढोलवादकाने वाजवलेली आहेत. हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं १९७३ चं 'द लव्ह आय लॉस्ट' घ्या. अर्ल यंग यांचे हाय-हॅटचे ठोके आणि प्रत्येक मात्रेवर बास ड्रम, म्हणजे पुढे अख्ख्या डिस्कोने उचललेला साचा. हे गाणं तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि सुरुवातीला लावलेली ग्रिड (ठोक्यांच्या जागा दाखवणाऱ्या रेषा) तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तपासा, ती सरकलेली दिसेल. समजा सॉफ्टवेअरने ११८ धरलं आणि ढोलवादक तिथे १२० ला पोचलाय. ११८ ला एक ठोका ५०८ मिलिसेकंदांचा, १२० ला ५०० चा. प्रत्येक ठोक्याला आठेक मिलिसेकंदांचा फरक साठत जातो आणि ३२ ठोक्यांत, म्हणजे सोळा सेकंदांत, तो २७० च्या घरात जातो. अर्ध्या ठोक्यापेक्षा जास्त. सिंकची (वेग आपोआप जुळवणारी) कळ दाबून ठेवली असली तरी एका फ्रेजच्या आत दोन्ही गाणी एकमेकांच्या पायात येतात, आणि चूक सिंकची नसते, ग्रिडची असते. रेकॉर्डबॉक्स या डीजे-सॉफ्टवेअरमध्ये अशा गाण्यांसाठी विश्लेषणाचा डायनॅमिक पर्याय निवडा, किंवा सिंक बंद करून जॉग व्हीलने हलकासा धक्का देत राहा. त्या पिढीच्या डीजेंची रात्र अशीच जायची, बोटं सतत तबकडीच्या काठावर.

बारा इंची सिंगलची गोष्टही इथेच सविस्तर मिळते. मिक्स करणारे टॉम मोल्टन यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की मास्टरिंग अभियंता होजे रॉड्रिगेझ यांच्याकडे सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून चाचणीची प्रत मोठ्या तबकडीवर कापली. खाच मधल्या छोट्या पट्ट्यात मावली आणि बाकी जागा रिकामी दिसायला लागली, मग ती पसरवून कापली. आवाज एकदम मोठा आणि भरदार आला. कारण साधं आहे. बासचा सूर सुईला डावी-उजवीकडे मोठा झोका द्यायला लावतो, त्याला रुंद जागा लागते. छोट्या तबकडीवर गाणं लांबवलं की खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, मग बास कापावा लागतो नाहीतर एकूण आवाज उतरवावा लागतो. मोठ्या तबकडीच्या बाहेरच्या काठाला ३३⅓ च्या वेगात सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर खाच सरकते, लेबलजवळ त्याच्या निम्म्याहून कमी. जुन्या लाँग-प्ले रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं किंचित खरखरीत का वाटतं, त्याचं एक कारण हेच. दुकानात विकायला आलेली पहिली बारा इंची सिंगल म्हणजे साल्सोल कंपनीची १९७६ मधली डबल एक्स्पोजर या गटाची 'टेन पर्सेंट'. मिक्स वॉल्टर गिबन्स यांचा, लांबी नऊ मिनिटांच्या वर.

हे गाणं ऐकताना एक चूक हमखास होते. स्ट्रीमिंगवर नाव शोधलं की बहुतेकदा रेडिओसाठी कापलेली आवृत्ती किंवा अल्बमची आवृत्ती पहिली येते, आणि वाचक म्हणतो, यात एवढं काय आहे? नावासोबत लांबी तपासा. एमएफएसबी या वाद्यवृंदाचं 'लव्ह इज द मेसेज' १९७३ च्या अल्बमवर साडेसहा मिनिटांच्या आसपास आहे, पण क्लबांत ज्याने राज्य केलं तो टॉम मोल्टन यांचा १९७७ चा मिक्स अकरा मिनिटांच्या वर जातो. पुस्तक ज्याबद्दल बोलतंय ते दुसऱ्या आवृत्तीत, तिच्या मागच्या अर्ध्या भागात आहे.

लॉरेन्स यांनी प्रकरणांत ठिकठिकाणी त्या-त्या डीजेच्या निवडक गाण्यांच्या याद्या दिल्यात. माझ्या मते हाच पुस्तकाचा सर्वांत कामाचा भाग. मात्र त्या याद्या म्हणजे सेटचा क्रम नव्हे, त्या काळात त्या खोलीत काय वाजत होतं एवढंच त्या सांगतात. एका यादीतली दहा गाणी घ्या, प्रत्येकाचं साल, बीपीएम, ब्रेक (मुख्यतः ताल उरतो तो तुकडा) कितव्या मिनिटाला सुरू होतो आणि किती ठोके चालतो ते वहीत लिहा. दहा गाण्यांनंतर त्या डीजेची आवड दिसायला लागते. वर्णन वाचून ती कधीच दिसत नाही. लॉरेन्स यांचं पुढचं पुस्तक १९८० ते १९८३ या चारच वर्षांवर आहे, २०१६ चं. डिस्को मेली असं सगळे म्हणत असताना न्यूयॉर्कमध्ये पंक, हिप-हॉप आणि डिस्को एकाच फ्लोअरवर कसे मिसळत होते, ते त्यात आहे. ते सवडीने घ्या.

दुसरं पुस्तक बिल ब्रुस्टर आणि फ्रँक ब्रॉटन यांचं 'लास्ट नाइट अ डीजे सेव्ह्ड माय लाइफ', १९९९ चं. त्यानंतर वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्या आहेत, घेणार असाल तर नवी घ्या. रेडिओवरच्या डीजेपासून नॉर्दर्न सोल, रेगे, डिस्को, हिप-हॉप, हाउस, टेक्नो या संगीतप्रकारांपर्यंतचा सगळा पट एका ठिकाणी, आणि भाषा ओघवती. संदर्भासाठी हे कायम हाताशी असावं. त्याची खोड अशी की त्याला 'पहिला कोण' या प्रश्नाचं वेड आहे. बीट जुळवणारा पहिला, दोन टर्नटेबल वापरणारा पहिला. असे दावे सावधपणे घ्या. ग्रासोंच्या आधी १९६० च्या दशकात 'आर्थर' नावाच्या क्लबात टेरी नोएल गाण्यांची मिसळ करत होतेच. एखादी युक्ती एकाच वर्षी तीन ठिकाणी सुचते आणि ज्याची मुलाखत घेतली गेली त्याच्या नावावर जमा होते.

याच दोघांनी २००२ साली डीजेगिरी शिकवणारं पुस्तकही लिहिलंय, 'हाउ टू डीजे प्रॉपर्ली'. त्यातली यंत्रं जुनी झाली. पण रात्रीची उभारणी कशी करायची, पहिल्या तासात आवाज आणि वेग का दाबून ठेवायचा, रिकाम्या फ्लोअरवर घाबरून मोठं गाणं का लावायचं नाही, ही प्रकरणं आजही जशीच्या तशी लागू आहेत. लग्नात वाजवणाऱ्याला तर विशेष, कारण तिथे जेवण सुरू असताना सगळी हुकमी गाणी खर्च करून टाकण्याची घाई होते आणि वरात आत आल्यावर हातात काही उरत नाही.

शिकागो आणि डेट्रॉइटसाठी स्वतंत्र वाचन लागतं. शिकागोत १२ जुलै १९७९ ला बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड स्फोटाने उडवल्या गेल्या, गर्दी मैदानात घुसली आणि यजमान संघाला पुढचा सामना सोडून द्यावा लागला. त्याच शहरात, २०६ साउथ जेफर्सन स्ट्रीटवरच्या 'वेअरहाउस' क्लबात फ्रँकी नकल्स बहुतांशी कृष्णवर्णीय समलिंगी तरुणांसाठी डिस्को वाजवत राहिले आणि त्यातून हाउस आलं. ही घटना नुसती 'लोकांना डिस्कोचा कंटाळा आला' अशी सांगणारं पुस्तक दिसलं तर बाजूला ठेवा. कुणाचं संगीत जाळलं जात होतं, हा प्रश्न त्यात टाळलेला असतो. पीटर शॅपिरो यांचं २००५ मधलं डिस्कोच्या इतिहासावरचं पुस्तक, 'टर्न द बीट अराउंड', हा प्रश्न टाळत नाही. डेट्रॉइटसाठी डॅन सिको यांचं 'टेक्नो रेबेल्स' घ्या, १९९९ चं, आणि शक्यतो २०१० ची सुधारित आवृत्ती. हुआन अॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन साँडरसन ही तीन नावं सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांच्या आधी शहरातल्या शाळकरी मुलांच्या पार्ट्या आणि रात्रीचा रेडिओ यांनी जमीन कशी तयार केली ते सिको दाखवतात.

अॅसिड हाउसपाशी पोचलात की मुंबईचा एक धागा लागतो, आणि तो नीट हाताळला पाहिजे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडचे टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा काढली गेली तेव्हा जगभर गाजली. टीबी-३०३ हे मुळात एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून बनवलेलं छोटं यंत्र. शिकागोच्या फ्युचर या गटाने त्याच्या गुंड्या फिरवत तो किंचाळणारा सूर काढला आणि १९८७ मध्ये 'अॅसिड ट्रॅक्स' आलं. चरणजित सिंग त्या आधी पाच वर्षं, त्याच यंत्रावर. म्हणून 'अॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला' असं बेधडक लिहिलं जातं. शिकागोच्या मुलांपर्यंत ही रेकॉर्ड पोचल्याचा पुरावा नाही. दोन शहरांत दोघांनी एकाच यंत्रातून स्वतंत्रपणे जवळ येणारं काही काढलं, एवढंच म्हणता येतं, आणि तेही कमी विलक्षण नाही. भैरव रागाचा तुकडा ऐका. ३०३ चे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणारे सूर मींडेसारखे वापरलेत.

इंग्लंडवर तीन पुस्तकं आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कामाची. सायमन रेनल्ड्स यांचं 'एनर्जी फ्लॅश' १९९८ चं. ध्वनीचं वर्णन कसं करावं ते यांच्याकडून शिकावं. हार्डकोर आणि जंगल या लंडनच्या प्रवाहांवर त्यांचं मनापासून प्रेम आहे आणि तिथे ते अतुलनीय आहेत. त्यामुळेच जे संगीत त्या प्रवाहात बसत नाही त्याला ते कमी लेखतात, हे ध्यानात ठेवून वाचा. अमेरिकेत ते 'जनरेशन एक्स्टसी' नावाने आलं, पण ती आवृत्ती कापलेली आहे, ती घेऊ नका. मॅथ्यू कॉलिन यांचं १९९७ चं 'ऑल्टर्ड स्टेट' कायदा, पोलीस, अमली पदार्थ आणि पैसा यांबद्दल आहे. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्यात ब्रिटिश संसदेने एकामागून एक येणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांची व्याख्या करून उघड्यावर रात्री जमणाऱ्या शंभर किंवा अधिक लोकांच्या रेव्हवर पोलिसांना अधिकार दिले. तिथपर्यंत गोष्ट कशी पोचली ते कॉलिन पत्रकाराच्या शिस्तीने सांगतात. एक्स्टसी या अमली गोळीबद्दल या पुस्तकांत बरंच येतं. लेखक त्यातली जोखीम आणि मृत्यूही सांगतात, ती पानं गाळून उरलेलं वाचू नये.

तिसरं सारा थॉर्नटन यांचं 'क्लब कल्चर्स', १९९५. हे अभ्यासकाचं पुस्तक आहे, जड आहे, आणि पूर्ण वाचायची सक्ती नाही. यातल्या दोन गोष्टी घ्या. एक, नाचासाठी जिवंत वाद्यवृंदाऐवजी रेकॉर्ड वाजवणं हळूहळू प्रतिष्ठित कसं झालं आणि वादकांच्या संघटनेने त्याला कसा विरोध केला. दोन, 'आम्ही खरे, ते गर्दीवाले' ही क्लबमधल्यांची भाषा कशासाठी असते. वर्तमानपत्रांनी रेव्हविरुद्ध ओरड केली, तर त्याने रेव्ह मेलं नाही, उलट त्याची जाहिरात झाली, हे त्यांनी दाखवलंय. कमर्शियल गाणी वाजवत नाही अशी ऐट मिरवणाऱ्या डीजेने हे प्रकरण जरूर वाचावं.

बर्लिनवर 'डेर क्लांग डेर फामिली' आहे, फेलिक्स डेंक आणि स्वेन फॉन थ्युलेन यांनी जमवलेलं, २०१२ चं, इंग्रजीत भाषांतर उपलब्ध. अख्खं पुस्तक फक्त बोललेल्या आठवणींचं, मध्ये लेखकाचं निवेदन नाही. भिंत पडल्यावर पूर्वेकडे ओस पडलेल्या इमारती, कुणाच्या मालकीच्या हेच ठाऊक नसलेल्या जागा आणि त्यातून मार्च १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात सुरू झालेला 'ट्रेझर'. वाचताना माणसं हरवतात, म्हणून पहिल्या पानापासून नाव, काम आणि जागा अशी यादी स्वतः करत चला. आणि आठवणी एकमेकींशी भिडतात तिथे खूण करा. एकाच रात्रीबद्दल दोघं वेगळं सांगतात, ते या प्रकारच्या पुस्तकाचं बलस्थान आहे.

आठवणींचं ठीक, पण बनावट मजकूर वेगळा. जून १९७६ मध्ये 'न्यूयॉर्क' मासिकात निक कोन यांचा ब्रुकलिनच्या डिस्कोतल्या तरुणांवर लेख आला, त्यावरून 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा चित्रपट झाला आणि जगाला डिस्को म्हणजे तेच वाटू लागलं. पुढे वीसेक वर्षांनी कोन यांनी कबूल केलं की तो बहुतांशी कल्पनेतून रचला होता. त्यामुळे त्या लेखाला पुरावा मानून लिहिलेली जुनी पुस्तकं त्या जागी कच्ची आहेत. याला उतारा म्हणजे व्हिन्स अॅलेटी यांचं 'द डिस्को फाइल्स'. १९७३ ते १९७८ या काळात त्यांनी आठवड्याच्या आठवड्याला लिहिलेले स्तंभ, आणि सोबत निरनिराळ्या शहरांतल्या डीजेंनी त्या आठवड्यात दिलेल्या पहिल्या दहा गाण्यांच्या याद्या. मागाहून सांगितलेलं काही नाही. गोष्टीसारखं वाचायला घेतलंत तर कंटाळा येईल. एक महिना निवडा, चार आठवड्यांच्या याद्या समोर ठेवा आणि कुठलं गाणं वर चढतंय ते पाहा.

लग्न-मिरवणुकांच्या जगातून येणाऱ्या वाचकासाठी एक आडवाटेचं पुस्तक सुचवतो. ज्युलियन हेन्रिक्स यांचं 'सॉनिक बॉडीज', २०११, जमैकातल्या किंग्स्टनच्या साउंड सिस्टिमवर. गणेश विसर्जनात ट्रॅक्टरवर स्पीकरची भिंत लागते, तिला आपण डीजे किंवा डॉल्बी म्हणतो. तिच्याशी नातं सांगेल असं काही असेल तर ते न्यूयॉर्कच्या क्लबांपेक्षा इथे सापडेल. बास, मध्य आणि वरचे सूर वेगळ्या खोक्यांतून, क्रॉसओव्हरने विभागून, आणि ती विभागणी कानाने लावणारे अभियंते हे त्या चमूतले मानाचे लोक. आपल्याकडे भिंतीचा आवाज फुटतो तो बहुधा अॅम्प्लिफायर ताणल्यामुळे. अॅम्प्लिफायर क्षमतेच्या वर गेला की लहरीची शिखरं छाटली जातात, त्यातून वरच्या सुरांत नको ती ऊर्जा तयार होते, आणि जास्त बास मागणाऱ्या माणसाचे आधी हॉर्नचे ड्रायव्हर जळतात. खोके वाढवून किंवा पूर्ण वॉटेज काढून नव्हे, लिमिटर (आवाजाला वरची मर्यादा घालणारं यंत्र) लावून आणि गेन उतरवून हे थांबतं. शेजाऱ्यांच्या बाजूचा कायदाही माहीत असू द्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, आणि राज्य सरकार सणासुदीला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं.

गोव्यावर अरुण सालढाणा यांचं 'सायकेडेलिक व्हाइट', २००७, मिनेसोटा विद्यापीठ. भूगोलाच्या अभ्यासकाने हणजुण्याच्या (अंजुनाच्या) पार्ट्यांत राहून लिहिलेलं. कोण कुठे उभं राहतं, चटईवर चहा विकणाऱ्या स्थानिक बायका कुठे बसतात, देशी पर्यटक कुठे अडकतात, आणि पहाटे उजेड आला की फ्लोअर गोऱ्या पाहुण्यांचा कसा होतो, हे त्यांनी अंगावर येईल अशा बारकाईने टिपलंय. सिद्धांताची भाषा जड आहे, ती पहिल्या वाचनात सोडून द्या आणि निरीक्षणं वाचा. गोव्याच्या पार्टीला 'सगळे एक' समजणाऱ्याला हे पुस्तक अस्वस्थ करतं, आणि करायलाच हवं. तांत्रिक बाजूने एक गोष्ट मी जोडतो. उन्हात आणि वाळूत रेकॉर्ड टिकत नाहीत, म्हणून तिथले डीजे आधी कॅसेटवर आणि मग डॅट टेपवर (डिजिटल कॅसेटवर) वाजवायचे. डॅट यंत्रांवर वेग जुळवण्याची सोय सहसा नसायची. गोवा ट्रान्सच्या गाण्यांना सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याशिवाय लांब स्वरपट्टे का असतात, त्याचं उत्तर यात आहे, कारण जोड तिथेच द्यायची असायची.

मुंबईसाठी नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' घ्या. १९३५ मध्ये लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमध्ये आला तिथपासून शहरातल्या जॅझच्या रात्री, आणि दारूबंदीने त्यांना बसलेला फटका. गोमंतकीय वादक तिथून चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ मध्ये, ऐकू येतो. 'शोला जो भडके' लावा आणि ते पान वाचा. सोनिया फलेरो यांचं २०१० मधलं 'ब्युटिफुल थिंग' मुंबईच्या डान्स बारमध्ये काम करणाऱ्या मुलीबद्दल आहे. २००५ मध्ये राज्य सरकारने बारमधल्या नाचावर बंदी आणली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. या मधल्या काळात ज्यांची रोजी गेली त्यांच्या बाजूने ही रात्र कशी दिसते, ते इतर कुठल्याच डीजे-पुस्तकात नाही.

दोनच घेता येत असतील तर लॉरेन्स यांचं पहिलं आणि फर्नांडिस. तिसऱ्यासाठी पैसे असतील तर ब्रुस्टर-ब्रॉटन. अभ्यासकांची महाग पुस्तकं विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा.

आणि वाचता वाचता स्वतःची नोंद सुरू करा, कारण पुण्या-मुंबईच्या फ्लोअरवर काय वाजत होतं हे उद्या कुणाला शोधायचं झालं तर अॅलेटींच्या स्तंभांसारखं हाती लागेल असं फार थोडं आहे. रेकॉर्डबॉक्स प्रत्येक सेटची गाणी वाजवल्या क्रमाने हिस्टरीत ठेवतं. महिन्यातून एकदा ती टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून घ्या. प्रत्येक यादीच्या वर तारीख, हॉलचं नाव, स्पीकर कुठल्या कंपनीचे आणि किती, अंदाजे किती माणसं, फ्लोअर कुठल्या गाण्याला भरला, कुठल्या गाण्याला ओस पडला, आणि आवाज कमी करायला सांगणारं कुणी आलं असेल तर किती वाजता, एवढं लिहा. फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा, लॅपटॉप बदलताना पहिली गायब होते ती हीच फाइल.